निरोग्यांच्या रांगेतले पडदेवाले

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर पडद्यांचं दुकान आहे आणि त्या दुकानाचे मालक माझे शेजारी आहेत. त्यांना सगळे पडदेवाले म्हणतात. खरं नाव त्यांच्या बायकोला ठाऊक असणार, पण ती त्यांना ‘अहो’ म्हणते, त्यामुळे तिकडूनही कळायला मार्ग नाही. माझा धंदा विम्याचा, म्हणजे लोकांच्या घरात शिरून त्यांच्या दुखण्यांची चौकशी करण्याचा रीतसर परवाना. त्यातून त्यांच्या झोपायच्या खोलीची आणि माझ्या बसायच्या खोलीची भिंत एकच. तेव्हा पुढे जे सांगतोय त्यातलं बरंचसं खुद्द पडदेवाल्यांनी सांगितलेलं आहे, काही वहिनींनी दुरुस्त केलेलं आहे, आणि उरलेल्याबद्दल त्या भिंतीचे आभार.

माणूस उंचापुरा. शिडी न घेता दांडीला पडदा अडकवतो. गळ्यात टेप, खिशात पितळी रिंगा आणि शर्टाच्या कॉलरला टाचण्यांची ओळ. त्यामुळे त्यांना कुणी मिठी मारत नाही. गिऱ्हाइकाच्या घरात शिरले की आधी खिडकीकडे बघतात, मग माणसांकडे. “ऊन कुठून येतं?” हा त्यांचा नमस्कार. कापडाच्या बाबतीत एकदम सरळ. पहिल्या धुण्यात आटणारं असेल तर गिऱ्हाइकाने विचारायच्या आधी सांगतील, भिजवून घ्या, नाहीतर पडद्याचा परकर होईल. अशा माणसाने खोटं बोलावं तर कशाबद्दल? तर डोक्याबद्दल.

“माझं डोकं आयुष्यात दुखलेलं नाही,” ही त्यांची बढाई. सर्दी कबूल, कंबर कबूल, गुडघा तर ते स्वतःहून दाखवायचे. डोकं मात्र नाही. “डोकं दुखायला रिकामा वेळ लागतो,” असं म्हणायचे आणि नजर वर न्यायचे, पहिल्या मजल्यावरच्या खिडकीकडे.

त्या खिडकीमागे वहिनी. वहिनी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारीच्या खिडकीवर बसतात. गावभराच्या नळांचं रडगाणं दिवसभर ऐकायचं, आणि वर हसून म्हणायचं, बघतो आम्ही. त्यांना अर्धशिशी आहे. मायग्रेन म्हणतात ते. महिन्यातून दोनतीनदा त्या कामावरून लवकर घरी येतात, एक डोळा अर्धा मिटलेला, जिन्याचा कठडा धरून, आणि आपण समोर आलो तर हात वर करतात. तो हात म्हणजे नमस्कार नव्हे. बोलू नका, असं सांगणारा हात. मग खोलीचं दार बंद, पडदा ओढलेला, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्या घरात माणूस राहतं की नाही अशी शांतता.

तो पडदा पडदेवाल्यांनीच शिवलेला. तीन पदरी, मध्ये काळं जाड अस्तर, कडेला फट राहू नये म्हणून भिंतीला घट्ट बसणारी पट्टी. भर दुपारी त्या खोलीत स्वतःचा हात दिसत नाही म्हणतात. आता, ज्या माणसाने बायकोसाठी असा पडदा शिवला तो बायकोच्या दुखण्याची टिंगल करील असं वाटतं का? वाटत नाही. म्हणून तर टिंगल रंगायची.

संध्याकाळी दुकान मिटलं की पहिल्या मजल्याच्या वळणावर, पायऱ्यांवर, आमचा अड्डा. मी, समोरचा बेकरीवाला, वरच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाई आणि पडदेवाले. पडदेवाले ती नक्कल तिथे करायचे. एक हात कपाळाला, दुसऱ्याने हवेतला पडदा ओढायचा, पुन्हा जरासा उघडायचा, “उजेड आला,” म्हणून किंचाळायचं, तेही कुजबुजत. मग चवड्यावर चालत यायचं आणि बेकरीवाल्याला विचारायचं, “तुमचा पाव जरा हळू फुगवता का? आवाज होतो.” शिकवणीवाल्या बाई पदर तोंडात कोंबून हसायच्या. मीही त्यात माझे दोन शब्द घालायचो, कारण चालू नकलेत भर घालायला मला आवडतं.

“तुमची अशी नक्कल वहिनींना कळली तर?” मी एकदा विचारलं.

“कळणार कशी? तीन पदरी पडदा आहे,” पडदेवाले म्हणाले. पुन्हा हशा.

आता आतली गोष्ट. ही त्यांनी मला फार नंतर सांगितली, पण तुम्हाला आत्ताच सांगतो, नाहीतर पुढचं समजायचं नाही. पडदेवाल्यांना तरुणपणापासून ‘नक्षी’ दिसते. हा शब्द त्यांचा. पट्ट्यापट्ट्यांचं कापड कापायला घेतलं, किंवा दुपारच्या उन्हात जाळीचा पडदा हलताना बघितला, की नजरेच्या मधोमध एक ठिपका हरवतो. कात्री दिसते पण तिचं टोक दिसत नाही. मग त्या हरवलेल्या जागेच्या कडेला करवतीचे दात उगवतात, चमचमणारे, आणि ते दात हळूहळू बाहेर सरकत जातात, मोठे होत होत, कडेला जाऊन विरतात. अर्ध्या तासाचा मामला. त्यानंतर बहुतेकदा काहीच नाही, नुसतं डोकं जड, आणि कुणी मोठ्याने बोललं तर त्याचा गळा दाबावासा वाटतो. कधी कधी मात्र दुखतंही. तेव्हा ते दुकानाच्या दारावर ‘जेवायला गेलो आहे’ ही पाटी लावायचे, मागच्या बाजूला टांगलेल्या पडद्यांच्या आड सतरंजी टाकायचे आणि काळ्या अस्तराचा तागा डोक्यावर घेऊन पडायचे. आम्ही म्हणायचो, बघा, माणूस दिवसातून दोनदा जेवतो.

सुरुवातीला त्यांना वाटायचं हा धंद्याचाच भाग आहे. शिंप्याचं बोट टोचतं, तसं पडदेवाल्याच्या डोळ्यांना नक्षी लागते. पण एके दिवशी ते वहिनींबरोबर मोठ्या दवाखान्यात गेले आणि वहिनी डॉक्टरीणबाईंना सांगायला लागल्या की दुखायच्या आधी मला करवतीसारखं काहीतरी दिसतं, चमकतं आणि बाहेर बाहेर सरकतं. पडदेवाले शेजारी बसले होते. “मला एकदम थंडी वाजली,” ते मला म्हणाले. “ती माझीच नक्षी सांगत होती. रंगासकट.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“वीस वर्षं माझं डोकं दुखत नाही म्हणून सांगितलेलं. आणि आदल्या संध्याकाळीच पायऱ्यांवर तुम्हाला हसवलेलं. काय म्हणून बोलणार?”

न बोलता घरी आले. आणि तेव्हापासून, त्यांचंच म्हणणं, नक्कल जरा जास्तच जोरात व्हायला लागली.

मग तो अभ्यास निघाला. डॉक्टरीणबाई मायग्रेन असलेल्यांच्या मेंदूची चित्रं काढत होत्या, एमआरआयच्या मशीनमध्ये. वहिनींना विचारलं, याल का? वहिनी लगेच हो म्हणाल्या. उत्साहाने कुठे जाताना मी त्यांना तेव्हाच पाहिलं. गेली कित्येक वर्षं त्या सगळ्यांना सांगत होत्या की दुखतं हो, आणि सगळे म्हणत होते, असेल असेल. आता कुणीतरी आत बघायचं म्हणत होतं.

पण नुसती दुखणारी डोकी बघून कसं कळणार? न दुखणारीही हवीत, त्याच वयाची. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “तुमच्या मिस्टरांचं डोकं दुखतं?”

“त्यांचं?” वहिनी म्हणाल्या. “त्यांचं डोकं म्हणजे दगड आहे.”

दगड कॉलर ताठ करून हजर झाला. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, “तुमच्यासारख्या निरोगी माणसांशी ताडून बघितलं तरच यांच्यात वेगळं काय ते कळेल.”

“म्हणजे मी नमुन्याचा तुकडा,” पडदेवाले म्हणाले. “माझ्या शेजारी धरून बाकीच्यांचा रंग बघायचा.”

“अगदी तसंच. आता मला खरं खरं सांगा. डोकं कधी दुखतं?”

“नाही.”

“कधीच?”

“आमच्या धंद्यात हात दुखतात. डोक्याला काम नाही.”

“डोळ्यांपुढे कधी चमक, नागमोडी रेषा, मध्येच दिसेनासं झाल्यासारखं?”

वहिनी शेजारच्या खुर्चीवर. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. संशयाने वगैरे नाही. आपल्या माणसाला कुणी काही विचारलं की आपण बघतो ना, काय सांगतोय म्हणून, तसं.

“छे,” पडदेवाले म्हणाले.

मशीनच्या खोलीबाहेर त्यांच्या अंगावरून टाचण्या काढायलाच वेळ लागला. मशीन चालवणारी मुलगी म्हणजे कामाची पक्की. आत चुंबक आहे काका, एक टाचणी राहिली तर ती तुमच्याआधी आत जाईल. कॉलरमधून काढल्या, बाहीतून काढल्या, विजारीच्या दुमडीत दोन सापडल्या. “अजून?” “आता नाही.” मग तिने पाठीवरून धातू शोधणारी पट्टी फिरवली आणि खांद्याच्या शिवणीतली एक निघाली. शेवटी तिने त्यांना दवाखान्याचा झगा घातला आणि आत ढकललं. इतकी झडती घेऊनही त्यांनी एक गोष्ट आत नेलीच, पण ती पट्टीला सापडणारी नव्हती.

आधी नुसता आवाज. पत्र्याच्या पिंपात बसवून बाहेरून कुणी हातोड्या मारतंय असा. मग डोळ्यांपुढच्या आरशात काळे-पांढरे चौकोन लुकलुकायला लागले. ते बघत राहायचं, एवढंच काम. हातात एक रबरी फुगा दिलेला. काही झालं, काही वाटलं, तर दाबा.

थोड्या वेळाने एक चौकोन हरवला.

पडदेवाल्यांना कळलं. त्यांनी डोळे मिटून घेतले तर मिटलेल्या डोळ्यांतही करवतीचे दात, कारण नक्षी डोळ्यांत नसते, मागे असते, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. फुगा हातात. दाबला की मुलगी आत येणार, विचारणार काय झालं, बाहेर वहिनी बसलेल्या. ते फुग्याला अशा बेताने धरून पडून राहिले की चुकूनही दाबला जाऊ नये. दात सरकत सरकत कडेला गेले. मग बाहेर काढलं.

“काही त्रास?”

“झकास. झोप लागत होती.”

त्यानंतर वहिनी आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा चेहरा राखेसारखा. तो आवाज आणि ते चौकोन, दुसरं काय होणार होतं. त्यांना माहीतच होतं, तरी गेल्या होत्या. दोन दिवस त्या तीन पदरी पडद्याच्या मागून उठल्या नाहीत. पडदेवाल्यांचंही डोकं त्या दुपारी ठणकत होतं. त्यांनी बायकोच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला, आवाज न करता दार ओढलं, खाली गेले, पाटी लावली आणि अस्तराच्या ताग्याखाली शिरले. वर ती, खाली हे. मध्ये एक मजला.

आणि संध्याकाळी त्यांनी पायऱ्यांवर नवीन नक्कल केली. मशीनमधल्या वहिनी. “जरा हळू फोटो काढा हो, माझ्या मेंदूला आवाज सहन होत नाही.” आम्ही हसून हसून लोळलो. बेकरीवाल्याला उचकी लागली. मला आठवतंय, पडदेवाले स्वतः हसत नव्हते, आणि मला वाटलं, वा, नट असावा तर असा.

काही आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी दोघांना बोलावलं. वहिनी चांगली साडी नेसून गेल्या.

संगणकाच्या पडद्यावर मेंदूचं चित्र होतं, करडं, मधून कापल्यासारखं. त्यात तीनचार बारीक पांढरे ठिपके. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हे ठिपके मायग्रेन असलेल्यांमध्ये इतरांपेक्षा जास्त आढळतात. सगळ्यांमध्ये नसतात, आणि मायग्रेन नसलेल्यांमध्येही कधी कधी असतात. घाबरण्यासारखं काही नाही. आणि याच्यामुळेच दुखतं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. एकट्याचं चित्र बघून कुणालाच मायग्रेन ओळखता येत नाही. म्हणून तर पुष्कळांची एकत्र ठेवायची.”

“हे माझं?” वहिनींनी विचारलं.

“तुमचं.”

वहिनींनी बोट पुढे केलं, काचेला लावणार तेवढ्यात थांबल्या. “लावलं तर चालेल ना?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लावा. त्यांनी एका ठिपक्यावर बोट ठेवलं आणि ठेवूनच बसल्या.

“दुसरी गोष्ट. तुम्हाला चौकोन दाखवले होते. बाकीच्यांचा मेंदू थोड्या वेळाने सरावतो, म्हणतो, कळलं, चौकोन आहेत. तुमचा सरावत नाही. प्रत्येक वेळी नव्याने दचकतो. बऱ्याच मायग्रेनवाल्यांमध्ये आम्हाला हे दिसतंय.”

“बरोबर,” वहिनी म्हणाल्या. “असंच होतं. मी काय सांगत होते?” हे त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं नव्हतं. पडदेवाल्यांनी टेबलाच्या कडेची सुटलेली पट्टी नखाने बसवायला घेतली.

मग डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. डॉक्टर लोकांनी चष्मा काढला की समजावं. “पण एक अडचण आहे. यांच्या चित्रात,” पडदेवाल्यांकडे हात करून, “मेंदूच्या मागच्या बाजूला, जिथे दिसण्याचं काम चालतं, तिथे एक लाट दिसते आहे. संथ. मागून पुढे सरकणारी, आणि ती गेल्यावर मागे सगळं मंदावलेलं. निरोगी माणसात असं दिसायला नको. तुम्हाला आत काही जाणवलं नव्हतं ना? पुन्हा विचारते.”

“नाही. झकास होतं.”

“मग मशीनचाच दोष. त्या सकाळी ते भरकटलेलं असणार. आणि तुमची दोघांची चित्रं एकामागोमाग काढलेली. एकाचं बिघडलेलं म्हणायचं आणि दुसऱ्याचं चांगलं, असं मला करता येणार नाही. दोन्ही काढून टाकावी लागतील.”

वहिनींचं बोट अजून काचेवर होतं. त्यांनी ते उचललं.

“माझंही?”

“नाइलाज आहे. पुन्हा या म्हणायचा धीर होत नाही, मागच्या वेळी तुम्हाला किती त्रास झाला ते मला माहीत आहे.”

“मी येते,” वहिनी म्हणाल्या. “उद्या येते. पाहिजे तर आत्ता बसवा मशीनमध्ये. दोन दिवस पडेन, माझं मी बघेन. पण माझं काढून टाकू नका.”

हे सांगताना पडदेवाले माझ्या स्वयंपाकघरात बसले होते आणि चहाच्या कपाचा कान धरून कप गोल गोल फिरवत होते. “तिचा आवाज चढलेला नव्हता हो,” ते म्हणाले. “गिऱ्हाईक कसं म्हणतं, शेवटचा तुकडा उरलाय तो मला ठेवा, परत येते मी. तसं म्हणाली.”

तेव्हा ते बोलले. टेबलाकडे बघून.

“मशीन चांगलं आहे. मशीनला नावं ठेवू नका.”

“म्हणजे?”

“मला दिसतं. करवतीसारखं. मशीनमध्येही दिसलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत.”

डॉक्टरीणबाईंचा चेहरा असा उजळला म्हणतात की दिवाच लागला. खुर्ची पुढे ओढली. कुठल्या बाजूला? डावीकडून की उजवीकडून? फुगा का नाही दाबला? अहो, हे चालू असताना मशीनमध्ये सापडणं किती दुर्मीळ आहे माहीत आहे? लोक वर्षानुवर्षं वाट बघतात. बिचाऱ्या बाई. त्यांच्या हाती घबाड लागलं होतं आणि समोर एक संसार बसला होता, तो त्यांना जरा उशिरा दिसला. मग त्यांनी खुर्ची मागे घेतली.

डॉक्टरीणबाईंनी हळूच सांगितलं की पडदेवाल्यांना आता निरोग्यांच्या रांगेत ठेवता येणार नाही. मशीनमध्ये दोष नव्हता हे एकदा तपासून घेतलं की वहिनींचं चित्र मात्र राहील. आणि यांचं चित्र वेगळं म्हणून वापरायची परवानगी मिळेल का?

“हिला विचारा,” पडदेवाले म्हणाले.

“डोकं त्यांचं आहे,” वहिनी म्हणाल्या. “त्यांना विचारा.”

दवाखान्याच्या बाहेर रुंद पायऱ्या आहेत. वहिनी अर्ध्या उतरल्या आणि तिथेच बसल्या, साडीचा विचार न करता. पडदेवाले एक पायरी खाली उभे राहिले.

“कधीपासून?”

“लग्नाच्या आधीपासून.”

“दुखतंही?”

“कधी कधी.”

“दुकानात मागे जाऊन पडता तेव्हा?”

“हो.”

“मला वाटायचं तुम्हाला काय कळणार. ज्याचं दुखत नाही त्याला काय कळणार. असं मी स्वतःला समजवायचे.” त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. “तुम्हाला कळत होतं.”

पडदेवाले काहीतरी पुटपुटले. चुकलं, असं काहीतरी. ते म्हणाले की तो शब्द तोंडातून बाहेर पडताना इतका लहान वाटला की परत घ्यावासा वाटला.

“आणि पायऱ्यांवरचं सगळं मला ऐकू येतं,” वहिनी म्हणाल्या. “पडदा उजेड अडवतो, आवाज नाही अडवत. त्या दिवशी मशीनमधली मी केलीत ना, तीही ऐकली. बेकरीवाल्यांना उचकी लागली होती.”

हे ऐकून माझ्या हातातला चहा मी खाली ठेवला. इतकी वर्षं भिंतीला कान लावून असलेला मी, भिंतीला दोन बाजू असतात हे मला कुणी सांगायला नको होतं.

“माफी मागतो,” पडदेवाले वहिनींना म्हणाले होते.

“माझी कशाला? माझं डोकं दुखतं हे मला माहीत आहे. ज्यांना हसवलंत त्यांना सांगा. एकेकाच्या दारात जाऊन सांगा, की दुखतं. तुमचंही.”

म्हणून ते निघाले. पहिल्यांदा बेकरीत. बेकरीवाला पाव भाजायचे पत्रे पुसत होता. पडदेवाले म्हणाले, “मला तुम्हाला सांगायचंय, मलाही मायग्रेन आहे. तिचं खरं होतं. मी खोटा.” बेकरीवाल्याने फडकं थांबवलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि जे हसायला लागला ते थांबेना. “आता हे नवीन काढलंत का? करा, करा, उजेड आला ते करा.” पडदेवाले म्हणाले, नाही हो, खरंच. बेकरीवाला म्हणाला, “चेहरा तर काय ठेवलाय पठ्ठ्याने.”

शिकवणीवाल्या बाईंनी पदर तोंडात घातला. “बायकोची साथ लागली वाटतं,” त्या म्हणाल्या, आणि शिकायला बसलेल्या मुलांना हाक मारून म्हणाल्या, बघा रे, काका काय करतात. काका तसेच उभे. मुलं वाट बघत राहिली, मग तीही हसली.

मग माझ्याकडे. मी त्यांना आत घेतलं, चहा टाकला, सगळं ऐकलं. मध्ये मध्ये हसलोही, टाचण्यांपाशी तर फारच. आणि शेवटी त्यांनी “तर, मलाही मायग्रेन आहे,” असं म्हटलं तेव्हा माझ्या तोंडून गेलंच, “आता दोघांना मिळून सहा पदरी शिवा.” त्यांनी कप ठेवला आणि गेले.

भिंतीपलीकडे दार वाजलं. मी काही मुद्दाम ऐकत नव्हतो. खुर्ची तिथेच असते.

“काय म्हणाले?” वहिनींचा आवाज.

“हसले.”

“सगळे?”

“सगळे. त्यांना वाटतं मी नक्कल करतोय.”

मला वाटलं आता वहिनी रडतील, किंवा म्हणतील जाऊ द्या, झालं गेलं. भांडं ठेवल्याचा आवाज आला.

“मग उद्या परत जा,” वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुकान मिटल्यावर ते परत आले. कॉलरला टाचण्या होत्या, गळ्यात टेप होती, पण माणूस एक वीतभर आखूड झालेला. दारातच उभे राहिले. आत या म्हटलं तर आले नाहीत.

“मला मायग्रेन आहे,” ते म्हणाले. “तिलाही आहे. ती कधीच नाटक करत नव्हती. नाटक मी करत होतो.”

मला त्या क्षणी एक फार चांगला विनोद सुचला होता. इतका चांगला की तो न सांगता राहणं माझ्यासारख्याला शारीरिक त्रासाचं आहे. पडदेवाले माझ्या तोंडाकडे बघत होते, ओठ कुठल्या बाजूला वळतात ते, आणि भिंतीपलीकडे अजिबात आवाज नव्हता. म्हणजे तिथेही कुणीतरी ऐकत होतं.

“फार दुखतं का?” मी विचारलं.

त्यांना या प्रश्नाची तयारी नसावी. त्यांनी टेपचं टोक बोटाला गुंडाळलं.

“कधी कधी फार,” ते म्हणाले. “पण तिच्याइतकं नाही. तिचं फार दुखतं.”

मग ते वळले आणि जिना चढून वरच्या मजल्यावर गेले, शिकवणीवाल्या बाईंकडे. दार उघडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ मुलांचं हसणं.